पिशवीतले दवाखाने

सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही फौजी गावात जा. पेन्शनरच्या घरात तीन वस्तू हटकून आढळतील. पहिली, काळी पत्र्याची ट्रंक. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव घातलेले असते, आणि आत आता बहुधा नातवंडांच्या गोधड्या असतात. दुसरी वस्तू पलटणीचा फोटो. त्यातल्या आपल्या तोंडावर घरधन्याने इतक्या वेळा बोट ठेवलेले असते, की तेवढ्या जागी काच धुरकट झालेली असते. तिसरी म्हणजे खुंटीला अडकवलेली औषधांची पिशवी. ट्रंक आणि फोटो पाहुण्याला आवर्जून दाखवतात. पिशवी मात्र कुणी दाखवत नाही. माझ्यासारख्या जुन्या हवालदार-क्लार्कला विचाराल, तर त्या घराचे खरे रेकॉर्ड त्या पिशवीत असते, आणि रेकॉर्ड कसे नसावे याचा तो उत्तम नमुना असतो.

आमच्या लोकांत साखरेचा आजार एवढा का, याचे उत्तर डॉक्टर मंडळी आपापल्या परीने देतात. माझा अडाणी हिशेब सोपा आहे. विशीच्या आत भरती व्हायचे, बेळगावच्या सेंटरात पाय झिजवायचे, पुढे वीस-बावीस वर्षे पाठीवर पिठ्ठू घेऊन डोंगर चढायचे आणि लंगरात पोटभर जेवायचे. चाळिशी-पंचेचाळिशीला पेन्शन होते. घरी आल्यावर चालणे सुटते, भूक काही सुटत नाही. त्यात पहिली पाचदहा वर्षे हा आजार तोंडातून शब्द काढत नाही. दुखत नाही, खुपत नाही. आणि जे दुखत नाही त्याला फौजी माणूस आजार म्हणायला तयार नसतो.

फौजेत आजारी पडणे हीसुद्धा शिस्तीची बाब होती. सकाळी सिक रिपोर्ट, एम. आय. रूमपुढे रांग, पलटणीचा डॉक्टर जीभ बघणार, छातीला नळी लावणार आणि बहुतेकांच्या कागदावर ‘मेडिसिन अँड ड्यूटी’ असा शेरा मारणार. म्हणजे गोळी खा आणि कामाला लाग! त्या शेऱ्याला आम्ही पुष्कळ शिव्या घातल्या. पण एक गोष्ट होती. बदली लडाखला होवो की त्रिपुऱ्याला, माणसाचे वैद्यकीय कागद त्याच्या मागोमाग जात. मन, कान, हातपाय, प्रकृती आणि दृष्टी अशा पाच अंगांनी माणूस मोजून त्याचा ‘शेप’ ठरवलेला असे, आणि नवा डॉक्टर आधी तो कागद उघडी. पेन्शन झाली, शेवटचे मेडिकल बोर्ड झाले, कागद दप्तरात बंद झाले, आणि माणूस घरी आला तो कागदावाचून. डॉक्टर मात्र त्याला पुष्कळ मिळाले.

पहिले दार आमच्या हक्काचे. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. आम्ही तिला ई. सी. एच. एस. म्हणतो. त्यापूर्वी बरे नसले, की खडकीच्या नाहीतर वानवडीच्या लष्करी रुग्णालयाची वाट धरायची, आणि एस. टी.ने पुण्याला जाऊन-येऊन निरोगी माणूसही आजारी पडे. योजनेने ठिकठिकाणी पॉलिक्लिनिके काढली, मोठ्या दुखण्यासाठी खाजगी रुग्णालये नेमून दिली, हातात कार्ड दिले. बायको आली, अवलंबून असलेले आईबाप आले. १ जानेवारी १९९६ पूर्वी पेन्शनीत आलेल्यांना वर्गणीसुद्धा माफ. मी १९९२ सालचा, त्यामुळे या मेहेरबानीत बसलो. पैशाची गोष्ट तर आहेच, पण तिथल्या बाकावर बसले की शेजारचा विचारतो, ‘कंची पलटण?’ हे औषध दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात मिळत नाही.

मग माणसाने दुसरीकडे जावेच का? शहरातल्या लोकांना हा प्रश्न पडतो, कारण त्यांना एस. टी.ची वाट पाहावी लागत नाही. आमच्या गावापासून पॉलिक्लिनिक ४० किलोमीटरांवर आहे. रात्री दोन वाजता छातीत धडधडले तर कार्ड उशाशी ठेवून झोपता येत नाही. तालुक्याचा खाजगी डॉक्टर मोटारसायकलवर येतो, त्याचा बाप आपल्याला ओळखत असतो, आणि तो पैसे घेतो म्हणून त्याच्या औषधावर आपला जरा जास्त विश्वासही असतो. सरकारी आरोग्य केंद्र तर चालत जाण्याइतके जवळ. तिथे बोटाला टोचून साखर पाहतात, रक्तदाब मोजतात, गोळ्याही देतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. आणि पलीकडच्या वाडीत एक चूर्णवाले आहेत. त्यांच्याकडे कुणी जात नाही. फक्त त्यांचे चूर्ण प्रत्येक घरात असते.

एक दार धरा, बाकीची सोडा, असा उपदेश करणे सोपे आहे. सरकारनेही एका जागी तसे केले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान भारतचे वार्षिक पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, तेव्हा आमच्यासारख्यांना सांगितले गेले, की जुनी योजना ठेवा किंवा ही घ्या, दोन्ही नाही. रुग्णालयात पडून राहण्याच्या खर्चापुरते हे ठीक आहे. पण साखरेचा आजार रुग्णालयात पडून होत नाही. तो रोज सकाळी उठून करावयाचा आजार आहे. रोजच्या कामाला माणूस जे दार जवळ असेल तेच ठोठावणार.

आमच्या गावचे सुभेदार ही चारही दारे ठोठावीत. वय ७९. १९७१ साली जंगी पलटणीबरोबर जमालपूरच्या वेढ्यात होते. त्यावर ते फारसे बोलत नाहीत, आणि जे फार बोलतात ते बहुधा तिथे नव्हते असे त्यांचे मत आहे. गळ्यात तुळशीची माळ. कँटीनमधली बाटली त्यांनी उभ्या आयुष्यात कधी स्वतःसाठी उचलली नाही. आणि गेल्या कार्तिकी एकादशीला तालुक्याच्या एस. टी. स्टँडवर हा माणूस दारू पिऊन झिंगला आहे, असे पन्नास लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले.

लेकीकडे निघाले होते. स्टँडवर उतरले आणि चालताना तोल जाऊ लागला. हात कापत होते. गाडीची पाटी वाचायला गेले तर शब्द तोंडातून वाकडे येऊ लागले. कुणीतरी विचारपूस केली, त्याला त्यांनी परेडच्या आवाजात शिवी हासडली. मग काय, लोक लांब झाले. ‘फौजी हाय, कोटा झाला असंल,’ असे एकजण म्हणाल्याचे मागाहून कळले. त्यांना ओळखले ते रसवंतीवाल्याने. म्हणजे माणसाला नव्हे, आजाराला. त्याच्या आईला हेच होत असे. कार्तिकातल्या गार सकाळी या म्हाताऱ्याचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला आहे, आणि तोंडाला वास नाही, एवढे त्याने पाहिले. बाकावर बसवले, गिळता येते ना याची खात्री करून घेतली आणि बर्फ न घातलेला उसाचा रस घोटघोट पाजला. सुभेदार अर्धवट शुद्धीत विचारीत होते म्हणे, ‘उपासाला चालतो का रं?’

ग्रामीण रुग्णालयात नेले तेव्हा, पेलाभर रस पोटात जाऊनही, साखर ५४ भरली. ७० च्या खाली गेली की धोका समजतात. सलाइन लावले, आणि शुद्धीवर येताच ‘चला घरी’ म्हणणाऱ्या सुभेदारांना डॉक्टरीणबाईंनी रात्रभर सोडले नाही. ते बरोबरच केले. काही गोळ्यांचा जोर असा असतो, की साखर एकदा वर आणली तरी काही तासांनी त्या तिला पुन्हा खाली ओढतात. म्हातारपणी मूत्रपिंडे मंदावलेली असली तर जास्तच. वाढलेल्या साखरेला सगळे भितात. उतरलेली साखर तासाभरात माणूस नेते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला बोलावले. त्या मला ‘बाबू’ म्हणतात. पलटणीत क्लार्कला बाबूच म्हणायचे. ‘बाबू, तुमी कागदं वाचनारं. ही पिशवी बगा बरं,’ म्हणाल्या. घोंगडी अंथरली आणि तिच्यावर पिशवी उपडी केली. फौजेत दर वर्षी स्टोअरची मोजदाद व्हायची, बोर्ड बसायचे. तसेच आम्ही बसलो. एकूण ११ पट्ट्या निघाल्या, चूर्णाच्या दोन पुड्या, आणि गुंडाळी झालेले कागद वेगळे.

पट्टीवर मोठ्या ठळक अक्षरात जे छापलेले असते ते कंपनीने ठेवलेले पाळण्यातले नाव. औषधाचे खरे नाव त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. चष्मा पुसून मी ती खालची नावे एका कागदावर उतरून काढली, आणि ११ पट्ट्यांची ७ औषधे झाली. मेटफॉर्मिन तीन नावांनी होते. ग्लिमेपिराइड दोन नावांनी : पॉलिक्लिनिकच्या पट्टीत एकटे, आणि तालुक्याच्या डॉक्टरांच्या पट्टीत मेटफॉर्मिनशी लग्न लागलेले. हे ग्लिमेपिराइडच साखर खाली ओढणारे. सुभेदार दोन्ही घेत होते, सकाळची आणि सकाळची. त्यात एकादशी आली आणि पोट रिकामे राहिले. चूर्णात मेथी आणि कारले होते, त्यांनीही आपला हातभार लावला असेल.

चूक कुणाची म्हणावी? मी क्लार्क म्हणून हा शोध जरा आस्थेने घेतला. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांनी लिहिलेले त्यांच्यापुढच्या कागदांना धरून योग्य होते. तालुक्याच्या डॉक्टरांकडे सुभेदार गेले ते तापाने; तापात साखर चढते, तशी २६० झाली होती, त्यांनी गोळी लिहिली. ‘दुसरं काही चालू आहे का?’ हे त्यांनी विचारलेही होते. सुभेदारांनी उत्तर दिले, ‘मिलिटरीच्या गोळ्या हायत.’ वरिष्ठाने विचारले तेवढेच सांगायचे, ही सव्वीस वर्षांची सवय. डॉक्टरांना वाटले, असतील रक्तदाबाच्या. आरोग्य केंद्राच्या सिस्टरने तर फक्त महिन्याची मेटफॉर्मिन दिली होती, पावसात गाडी बंद होती म्हणून. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर. बेरीज तेवढी चुकलेली, आणि बेरीज करण्याचे काम कुणाकडेच नव्हते. ते सुभेदारांच्या शरीरावर सोपवलेले होते; त्याने एस. टी. स्टँडवर उत्तर काढून दाखवले.

कागदांच्या गुंडाळीत याहून विचित्र गोष्ट सापडली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एक तपासणी असते. ती पाच आठवड्यांत तीनदा, तीन ठिकाणी झाली होती. आकडा तिन्ही वेळा जवळजवळ तोच. आणि दोन वर्षांपूर्वी हर्नियासाठी नेमून दिलेल्या एका रुग्णालयात भरती झाले होते, तेव्हाचा मूत्रपिंडाचा रिपोर्ट होता. त्यात क्रिएटिनिन १.६. म्हणजे मूत्रपिंड थकल्याची खूण, आणि या दोन्ही गोळ्यांचे प्रमाण ठरवताना पहिल्याने पाहावयाची गोष्ट. ज्याच्या हाती तो कागद होता तो गोळ्या लिहीत नव्हता, आणि जे गोळ्या लिहीत होते त्यांच्यापुढे तो कागद कधी आला नाही. तो पिशवीच्या तळाशी विजेच्या बिलात घडी होऊन पडला होता.

मी वहिनींना विचारले, ‘डोळे केव्हा तपासले?’ डोळ्यांच्या पडद्याची तपासणी साखरेच्या माणसाने वर्षाकाठी एकदा करावयाची असते, पायांची तशीच. पिशवीत तसा एकही कागद नव्हता. रक्त तीन ठिकाणी काढले. डोळ्यांचे पाहिलेच असेल कुणीतरी, असे प्रत्येकाला वाटले असावे. वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग आत सुभेदार झोपलेत की नाही ते पाहून आल्या आणि हळू म्हणाल्या, ‘ज्ञानेश्वरी वाचायला बसत्यात रोज. पन पान उलटत्यात ते आठवणीनं. परवा दोन पानं एकदम उलटली, तरी म्हनायचं थांबलं न्हाईत.’

वहिनींनी हे चार महिने पाहिले होते आणि कुणाला सांगितले नव्हते. जमालपूरला ज्याने डोळ्यांत तेल घालून पहारा दिला, त्याला दिसत नाही हे त्याच्या बायकोने कसे सांगावे?

अमेरिकेतही हाच घोळ आहे, हे मी मागाहून वाचले आणि मला थोडे बरे वाटले. दुसऱ्याच्या घरी गळते हे पाहून वाटते तसे. तिथे माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची रुग्णालये आहेत, आणि ६५ वर्षांवरच्या सर्वांसाठी १९६५ सालच्या कायद्याने आलेली मेडिकेअर आहे. २००६ पासून मेडिकेअरमध्ये औषधेही मिळू लागली. म्हातारा सैनिक दोन्हीकडे जातो, दोन्हीकडून गोळ्या आणतो. तिथले संशोधक यावर अभ्यास करीत आले आहेत : तीच तपासणी दोनदा, औषधांची दुबार, आणि हा माणूस नक्की कोणाचा ही भानगड. एवढे संगणक असून ही गत, तर आमच्या पिशवीला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडेही आता प्रत्येकाला आरोग्याचा चौदा आकडी नंबर मिळतो, आणि सगळे कागद त्या नंबराखाली मोबाइलमध्ये एकत्र राहू शकतात. कल्पना उत्तम आहे. मी स्वतः सुभेदारांचा नंबर काढून दिला. फक्त तो ज्या मोबाइलवर उघडतो तो नातवाकडे आहे, आणि नातू पुण्याला आहे.

म्हणून मी वही घातली. साधी दोनशे पानी, पुठ्ठ्याची. डावीकडे औषधाचे खरे नाव, मग वजन, वेळ, कुणी लिहिले, कुठल्या तारखेस. उजव्या पानावर तपासण्या. पहिल्या पानावर तांबड्या शाईने क्रिएटिनिनचा आकडा, आणि त्याखाली : ‘अचानक घाम, कापरे, बडबड दिसल्यास दारू समजू नये. गिळता येत असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पाव तासाने पुन्हा पाहावे. गिळता येत नसल्यास तोंडात काही घालू नये, दवाखान्यात न्यावे.’ वहीला भोक पाडून सुतळीने ती पिशवीलाच बांधून टाकली. वहिनी गोळ्या रंगावरून ओळखत. गुलाबी सकाळची, पांढरी रात्रीची. पण कंपनी बदलली की गुलाबी पांढरी होते, म्हणून प्रत्येक ओळीपुढे पट्टीचा रिकामा तुकडा डिंकाने चिकटवला, आणि नवी पट्टी आली की तुकडाही नवा.

सुभेदार चिडले. ‘मला काय लोंबतं रजिस्टर गळ्यात बांधून फिरवतोस व्हय रं?’ पण गेले. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरसाहेबांनी वही उलटसुलट केली, क्लार्क कोण होता म्हणून विचारले, आणि ग्लिमेपिराइडवर काट मारून खाली सही केली. ऐंशीच्या घरातल्या माणसाची साखर शाळकरी पोरासारखी शंभरात बसवण्याची जरुरी नाही, ती खाली पडणार नाही हे आधी पाहायचे, असे त्यांनी वहिनींना समजावून सांगितले. तालुक्याच्या डॉक्टरांनीही आपली गोळी स्वतःच्या हाताने कापली. सही करताना म्हणाले, ‘ही वही त्या दिवशी असती तर.’ चूर्णवाल्यांनी सही केली नाही. वहीत नाव घालू नका एवढे मात्र बजावले.

डोळ्यांसाठी साताऱ्याला नेले. उजव्या डोळ्याचा पडदा बराच खराब झाला आहे, डावा लेसरने राखता येईल, असे निघाले. दोन बैठका झाल्या. मोठ्या टायपाची ज्ञानेश्वरी मी पंढरपुराहून मागवून दिली. आता ते वाचतात की अजून म्हणतातच, हे मी विचारलेले नाही. वहिनी सांगतात की पाने एकेक उलटतात.

या गोष्टीला वर्ष होत आले. माझ्याकडे आता नऊ वह्या आहेत आणि ओटीवर पुन्हा ऑर्डर्ली रूम भरते. ठरवून काही केले नाही; एकाने पाहिली, दुसऱ्याने मागितली. माणसे येतात, पिशवी उपडी करतात, आधी हसतात आणि पट्ट्या जुळू लागल्या की गप्प होतात. 

दसऱ्यानंतर एका नाईकाची विधवा आली. पासष्टीची असेल. नवऱ्यामागे योजनेचे कार्ड तिला लागू आहे, साखर तिलाही आहे. पण एकटीने ४० किलोमीटर जायचे कोणाबरोबर, म्हणून ती फारशी जात नाही. पिशवी नव्हती तिच्याकडे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. मी एकेक पट्टी काढून नावे लिहू लागलो. काही आरोग्य केंद्राच्या होत्या. सहा पट्ट्यांवरची मुदत केव्हाच संपलेली होती, आणि त्यांची नावे बाकीच्यांशी जुळेनात.

‘ह्या कुणी लिहून दिल्या, मामी?’ मी विचारले.

‘लिवून कोन देनार? त्येंच्या हायत,’ ती म्हणाली. ‘साखरंच्याच हायत न्हवं? गोळ्या संपल्या म्हंजी त्यातली एकांदी घेती.’

नाईक जाऊन दोन वर्षे झाली होती. त्या सहा पट्ट्या मी बाजूला ठेवल्या. तिने त्या जरा वेळ हातात घेतल्या, डब्यात घालायला गेली, मग पुन्हा माझ्या पुढ्यात ठेवल्या. मी तिची वही पुरी केली, सुतळी ओवायला डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडले, आणि पहिल्या पानावर तिच्या नवऱ्याचा नंबर, हुद्दा नि पलटण घातली. कार्डावर तो लागतो. नंबर तिला तोंडपाठ होता.